डब्यात वर टाकलेली आयरिस

ओरेगन,
२२ ऑगस्ट १९८८

प्रिय लव्हॉनताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? नेब्रास्कात यंदा उन्हाळा फार कडक म्हणतात, दुपारी बागेत जाऊ नका. इकडे सगळे ठीक. आयरिसच्या कंदांची खणणी जोरात आहे. वेंडेल दिवसभर शेतात आणि मी नर्सरीत गिऱ्हाइकांना पाठवायचे डबे भरायला.

तुमचं पत्र परवा आलं. दोनच ओळी. "मागवलेले कंद मिळाले. वर फुकट टाकलेला परत पाठवणार आहे. जे कुणी विकत घेत नाही ते मलाही नको."

ताई, लाजेनं मान वर होत नाही. आधी वाटलं, हाताखालच्या मुलींवर ढकलावं. पण कंदाच्या हिरव्या पानावरच शाईनं जातीचं नाव लिहायचं काम माझं. त्या पानावर 'लव्हॉन' मीच लिहिलं आणि लगेच डब्यावर तुमचा पत्ता लिहिताना पुन्हा तेच नाव लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. उरलेल्या ढिगातला एक उचलायचा, वर टाकायचा, डबा बंद करायचा. सवयच झाली आहे हाताला.

हो, उरलेल्या. आता लपवून काय करू? तुमच्या ऑरिननी इतकी वर्षं खपून तयार केलेली, तुमचं नाव दिलेली आयरिस विकली जात नव्हती. लोकांना झालरीच्या, भडक पाकळ्या हव्यात. ही साधी, फिकट पिवळी. "यंदाही सगळी संपली" असं मी तुम्हाला कळवत आले, ते खोटं होतं.

तुम्हाला वाटत असेल, ऑरिननाही आम्ही असंच फसवलं. नाही हो, त्यांना ठाऊक होतं. देवाघरी जाण्याआधीच्या वसंतात ते एकटेच आमच्याकडे आले होते ना, तेव्हा आपल्या आयरिसच्या वाफ्याशी उभे राहून वेंडेलला म्हणाले, "ही आता नांगराखाली जाणार, दिसतंय मला." वेंडेल बिचारा टोपी चुरगाळत राहिला. मग मला म्हणाले, "ओपल, असं कर. लोकांच्या डब्यांत वर टाकत जा. फुकट आलेलं कुणाला टाकवत नाही. कुठल्या तरी कुंपणाशी उभी तर राहील!" आणि जाता जाता हसले, "फक्त आमच्या घरी नको हं. लव्हॉनला वाटू दे विकली जाते म्हणून. तिच्यापुढे मी जरा ऐट मारली आहे."

एवढं एकच मागितलं त्यांनी. मला तेवढंही राखता आलं नाही.

माझ्यावर रागवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या नर्सरीतून मागवा, मी चकार शब्द काढणार नाही. पण तो कंद परत पाठवू नका. तुमच्याकडची मूळची गेल्या ओल्या हंगामात कुजली, हे तुम्हीच लिहिलं होतं. आमचा वाफा नांगरून झाला, ढीगही संपला. बाकीच्या कुणाकुणाच्या अंगणात असतील, पण तिथे पान वाळलं की नाव गेलं. ही ऑरिनची, एवढं ओळखणारं आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुमच्यापुढे तोंड दाखवायला जागा न उरलेली,
ओपल