खुंटीवरचा ब्रश

९ नोव्हें., रविवार
सकाळी भट्टीच्या आतल्या जाळाच्या वाटीत पुन्हा खडा. मुठीएवढा, काळा, चकाकणारा. पान्यानं ठोकून फोडला, एक कपची उडून गालाला लागली. तुसाच्या पेलेटची, म्हणजे दाबून केलेल्या कांड्यांची, राखड अशीच वितळून दगड होते. मग वाटीची हवेची भोकं बुजतात, आग मरते, मुर्गा वरून काळा नि आतून कच्चा. आणि मार खातात हे. काल भरल्या ढाब्यात भासऱ्यांनी यांच्या पाठीत लोखंडी चिमटा घातला. तापलेला नव्हता म्हणून, नाही तर...

पाठीला हळद लावताना हे म्हणाले, "मोठा भाऊ होय वो. बाप मेल्यावर त्यानंच वाढवलं मले."
वाढवलं म्हणून काय आता कापून खाणार? तर हसले. यांच्या हसण्याचा मला भयंकर राग येतो. पाठ सुजून वर आलेली आणि दात दिसताहेत.

११ नोव्हें.
रोजचं तेच. जाळ्या काढ, तारेच्या ब्रशनं घास. तेलाची पत्री खरवड, नाली मोकळी कर, चरबीची बादली ओतून ये. मग वाटीतली राखड चमच्यानं काढ. तापाची काडी पूस, तिच्यावर काजळी धरली की मशीनला वाटतं भट्टी गार आहे आणि ते पेलेट ढकलत सुटतं. राखड लोखंडी डब्यात, वर झाकण. कालची राखड आज सकाळी उकरली तर आतून लाल होती.

हे मशीन नवेगावकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टातून आलं. पेटवायची हौस भासऱ्यांना, काळं व्हायचं मी. आतली वाटी त्यांनी एकदाही डोळ्यांनी पाहिली नसेल.

सांगायची सोय नाही. भासऱ्याशी भावसुनेनं बोलायचं नाही, समोर यायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. ते बाहेर खाकरतात, मी पदर घेऊन मागच्या दारानं निघते, मग ते आत येतात. आधी जाऊबाई मध्ये होत्या, निरोप त्यांच्या तोंडून जायचे. पावसाळ्यात भासऱ्यांनी त्यांचा दात पाडला, तशा त्या केशोरीला माहेरी गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून ब्रश बोलतो. खुंटीला टांगलेला असला म्हणजे सगळं साफ, खुशाल पेटवा. झाकणावर आडवा असला म्हणजे थांबा, वाटी भरलेली आहे. कोणी ठरवलं नाही, होत गेलं. एवढ्या दिवसांत ब्रश एकदाही चुकला नाही.

१४ नोव्हें.
आज पुन्हा आग विझली. ट्रकवाला बाहेरून ओरडतोय, "भाभी, मुर्गा कड़क रखना," आणि आत नुसता धूर. भासऱ्यांनी तापलेली जाळी उचलून यांच्यावर फेकली. हे वाकले. जाळी मागच्या दारात माझ्या पायापाशी पडली, लुगड्याचा काठ जळाला.

"तिले म्हनावं, बाजूले सर," भासरे यांना म्हणाले नि बाहेर गेले.

मला कधी हात लावत नाहीत. भावसुनेला शिवलं तर पाप लागतं. पापाला फार जपतात!

मग मीही बोलले. त्यांच्याशी नाही, पाण्याच्या हंड्याशी, पण मोठ्यानं. "हंड्या, तुसाचे पेलेट आनले त आग विझनच. लाकडाच्या भुशाचे आना म्हनावं."

बाहेरून उत्तर आलं. "हंड्याले सांग, आमच्या धानाच्या मुलखात तूस असून लाकूड कायले जाळाचं?"

हंडा बिचारा गप्प. हे दोघांच्या मध्ये उभे राहून एकदा इकडे पाहत होते, एकदा तिकडे. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

१७ नोव्हें.


यांनी गुपचूप लाकडाच्या भुशाच्या पेलेटचं एक पोतं आणलं. माझ्यासाठी आणलं. परवा नि काल भट्टी अशी चालली की काय सांगू, राखड चिमूटभर, खडा नाही, मुर्गा सोन्यासारखा. भासरेही खुशीत. "पाह्यलं? तूसच चांगलं," असं गिऱ्हाइकांना सांगत होते. आज दुपारी त्यांना मागे रिकामं पोतं सापडलं.

"मले येडा समजतं का बे?" एवढंच म्हणाले. मग राखड ओढायची सळई घेतली. हे पळाले नाहीत, हात वर केला फक्त. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. हे खाली बसले तरी ते मारत होते, पायावर, खांद्यावर. मी धावले. मी मध्ये गेले तर त्यांना थांबावंच लागेल, मला शिवणार नाहीत, एवढं कळत होतं. गेले. ते थांबले. सळई माझ्या डोक्यावर तशीच धरलेली, तोंड दुसरीकडे फिरवलेलं. मी पदरसुद्धा घेतला नव्हता.

मग सळई टाकली आणि हातपाय धुवायला गेले.

देवरीच्या दवाखान्यात यांच्या उजव्या हाताला प्लास्टर. डॉक्टरांना हे म्हणाले, "पायरीवरून पडलो जी." ढाब्याला पायरी कुठे आहे?

१८ नोव्हें.
हे घरी झोपून. मी ढाब्यावर. नागऱ्याहून आईचा फोन आला होता, उचलला नाही, बोलले असते तर ओरडलेच असते.
मला भासऱ्यांना मारायचं आहे. नुसती शिवी म्हणून नाही. लिहून ठेवते.

१९ नोव्हें., सकाळ
वाटी काठोकाठ भरलेली आहे.

काल संध्याकाळी लाइन गेली तेव्हा आग मेली. लाइन आल्यावर मशीननं आपोआप पेलेट ढकलले असणार. आग नाही, नुसते पेलेट, वाटीतून सांडून खालच्या पत्रीवरसुद्धा आलेत. अशात पेटवलं की आधी ज्वाळा येत नाही. जाड पिवळा धूर कोंडत राहतो, आणि झाकण उघडून वारा लागला की भडका उडतो. रिसॉर्टवरचा माणूस मशीन उतरवताना हे एकच सांगून गेला होता. ऐकलं मी एकटीनं. भासरे तेव्हा मशीनसोबत फोटो काढत होते.

पाच मिनिटांचं काम आहे, चमच्यानं उपसायचं.

उपसलं नाही. जाळ्या घासल्या. बाहेरून सगळं पुसून लखलखीत केलं. ब्रश खुंटीला टांगला.

मागच्या तट्ट्याआड बसून लिहितेय. आता खाकरतील.

२० नोव्हें., गोंदिया, सरकारी दवाखाना
खाकरले. आत गेले. बटण दाबल्याचा आवाज आला, पंखा सुरू झाला. मी तट्ट्याच्या फटीतून पाहत होते. ते मुर्गा कापायला बसले. झाकणाच्या कडेनं धूर यायला लागला, पिवळा, जड. मला आनंद होत होता. होय, आनंदच होत होता.

तेवढ्यात समोरच्या दारातून हे आले. गळ्यात प्लास्टरचा हात, तरी आले. नंतर म्हणाले, भाऊ एकटा पडन म्हनून.

"धूर पाह्य बे," भासरे कापता कापता म्हणाले. आणि हे डाव्या हातानं झाकण उघडायला गेले.

मी ओरडले, "उघडू नका जी!" काय ओरडतेय ते यांना कळलं नसेल, पण आवाजाकडे मान वळवली. झाकण अर्धं वर गेलं होतं. भडका थेट छताच्या टिनापर्यंत गेला. मी तट्टा तोडून आत शिरले तोवर भासऱ्यांनी यांची मान धरून मागे भिरकावलं होतं. माणसाला फेकायची सवयच त्यांना. झाकण परत खाली आलं ते त्यांच्या हातावर. उजव्या. ते हात सोडवत होते आणि कातडं झाकणालाच राहत होतं. ओरडले नाहीत. "पानी ओत त्याच्यावर," एवढंच म्हणाले, तेही हंड्याकडे पाहून. यांच्यावर म्हणे, स्वतःवर नाही.

हंडा मीच ओतला. दोघांवर.

यांच्या भुवया गेल्या, डावा कान सोलला. डोळे वाचले. भासऱ्यांचा हात कोपरापर्यंत गेला आहे, बोटं पुन्हा वळतील की नाही सांगता येत नाही म्हणतात.

मी त्यांना मारायला बसले होते आणि यांना मारत होते. 

२३ नोव्हें.
भासरे घरी आले. हात पांढऱ्या बोळ्यासारखा बांधलेला. हे त्यांच्या उशाशी, एका हातानं चमच्याचमच्यानं पेज भरवतात. दोन भाऊ मिळून दोन हात. पाहवत नाही.

दुपारी पेज गरम होती, तोंड पोळलं. त्यांनी डाव्या हाताची सणसणीत यांच्या सोललेल्या कानावर दिली.

मला हायसं वाटलं. का ते सांगता येतं. गेले चार दिवस त्यांनी यांना वाचवलं या विचारानं मी अर्धमेली झाले होते. आता ते ओझं नको. पण यांच्या कानातून रक्त आलं आणि मला हायसं वाटलं, मग मी कोण झाले?

यांना कसं सांगू? सांगितलं तर हे हसतील. आणि या वेळी हसले तर मी सहन करू शकणार नाही.

२६ नोव्हें.
हे चिचगडच्या बाजारात कोंबड्या आणायला. घरात भासरे खाटेवर आणि मी. पदर ओढून भिंतीच्या कडेनं पाणी ठेवायला गेले.

"बरश खुटीले होता."

मला म्हणाले. हंड्याला नाही, भिंतीला नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचं त्यांचं मला पहिलं वाक्य.



"मी पाह्यला होता. मंगच पेटवलो." आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली. मग बांधलेल्या हाताकडे पाहत, "त्याले सांगतलो नाही अजून."

मी म्हणायला हवं होतं, सांगा. किंवा, यांचा हात कोणी मोडला ते आधी सांगा. जाऊबाईंचा दात कोणी पाडला ते सांगा. एवढी वर्षं तोंडात साठलेलं तसंच राहिलं. पाणी ठेवलं आणि निघून आले.

'अजून' म्हणाले. तो शब्द दिवसभर कानात आहे.

२७ नोव्हें.
हे मला म्हणाले, "काऊन वो, तब्बेत बरी नाही का?" मी म्हटलं, "तुमचा भाऊ काही बोलला?" "तो काय बोलन? उद्या भट्टी लावू म्हनते. मीच पेटवतो म्हनते, डाव्या हातानं."

तुसाचं नवं पोतं आलं आहे. माणूस मरता मरता वाचला तरी तूसच!

२८ नोव्हें.
सकाळी ढाब्यावर. मशीन आतून काळं कुळकुळीत. पत्री वाकलेली, तापाची काडी जळून बारीक झालेली. आधी राखड. मग जळके पेलेट, कोळसा झालेले, चमच्यानं, मग हातानं. वाटीच्या तळाशी झाकणाचं काहीतरी चिकटून आलं होतं, रबर की कातडं कळेना. खरवडलं. भोकं एकेक करून तारेनं मोकळी केली. पाच मिनिटांचं काम. अर्धा तास लागला.

बाहेर खाकरले.

मी उठले नाही. पदर खांद्यावर होता, तिथेच राहू दिला. हात कोपरापर्यंत काळे.

दुसऱ्यांदा खाकरले, जोरात. हे मागे विहिरीवर एका हातानं कोंबड्या धुताहेत, पाणी पडल्याचा आवाज येतोय. हाक मारली तर येतील. सगळं यांच्यासमोरच बोलून टाकावं, मोडलेल्या हाताचंही आणि ब्रशचंही, असं रात्रभर ठरवलं होतं.

दारात सावली आली. माझ्या पायावर पडली, तरी ते मागे सरले नाहीत, मीही पाय घेतला नाही. त्यांनी आधी खुंटीकडे पाहिलं, मग झाकणाकडे. ब्रश दोन्हीकडे नव्हता.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातात होता.