धोरासरच्या आठ विहिरी

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. अवंतिकास,

मामा-मामीचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी यंदा लवकर पडली, सकाळी दहापर्यंत गल्लीत ऊन येत नाही. पद्मामामीचा गुडघा तसाच आहे, पण ती जिना चढायचं सोडत नाही. तिने डिंकाचे लाडू केले आणि नेहमीसारखा तुझा डबा वेगळा काढला. तो पाठवायचा की नाही हे तिने मला विचारलेलं नाही.

रविवारीच आपण फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू फार चांगलं बोलतेस. निम्म्या वाटेत मी तुझं म्हणणं मान्य करून बसतो आणि फोन ठेवल्यावर आठवतं की मला वेगळंच विचारायचं होतं. कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस.

घरी दोघं आले होते हे तुला सांगितलं, पण सगळं सांगितलं नाही.

मागच्या मंगळवारी, ११ तारखेला, मी पूजा आटोपून पेपर उघडला होता. दारात एक चाळिशीचा माणूस आणि त्याच्यामागे डोक्यावर ओढणी घेतलेली बाई. वाळवंटातल्या आपल्या जुन्या तेलक्षेत्राच्या गावाहून, धोरासरहून आले होते, दोन गाड्या बदलून. तो जेठाराम, तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. ती त्याची भावजय हुकमी. इंदरगंजच्या चौराह्यावर त्यांनी ‘तेल कंपनीवाले मुळे साहब’ असं विचारलं आणि कुणीतरी घरापर्यंत आणून सोडलं.

बाईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या गावच्या बोअरचं पाणी. मी बोट बुडवून जिभेला लावलं. अवंतिका, तेलाबरोबर जमिनीतून जे पाणी वर येतं त्याची चव मी अठ्ठावीस वर्षं घेतली आहे. नुसतं खारट नसतं ते. जिभेच्या मागे लोखंड चाटल्यासारखं लागतं. जेठारामने काही सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

वर्षापूर्वीपर्यंत पाणी गोड होतं, तो म्हणाला. मग सतरा घरांचे बोअर एकामागून एक बिघडले.  हुकमी एवढंच बोलली, “साहब, गाय ने भी छोड़ दिया.”

मग जेठारामने कागद पुढे केले. तू कंपनीसाठी केलेल्या वीस वर्षांच्या योजनेतला शाश्वततेचा खंड, परिशिष्ट चार. माहितीच्या अधिकारात मिळवलेली प्रत. शेवटच्या पानावर माझी सही, माझ्या ठसठशीत देवनागरीत. तिच्या आधीच्या पानावर मी कधीही न लिहिलेलं एक वाक्य.

मी त्यांना चहा दिला. थोडा वेळ बसून ते गेले.

ते वाक्य तुला पाठ असेल, तरी लिहितो. माझ्या अहवालात होतं: ‘या आठ जुन्या तेलविहिरी पक्क्या बुजवून सीलबंद केल्याशिवाय धोरासरमध्ये तेलाबरोबरचं पाणी जमिनीखाली परत सोडू नये.’ छापलेल्यात आहे: ‘या आठ विहिरी टप्प्याटप्प्याने बुजवाव्यात, दरम्यान मर्यादित दाबाने पाणी सोडण्यास हरकत नाही.’ बाकी तेरा पानं जशीच्या तशी. माझे तक्तेसुद्धा.

त्या आठांतल्या पाच विहिरी माझ्या देखरेखीखाली खोदल्या गेल्या, १९८४ ते ८७ दरम्यान. त्यांचं सिमेंट कुठे पातळ आहे आणि कुठल्या खोलीवर पाइपला गंज धरला आहे हे मला ठाऊक आहे, कारण तेव्हा आम्ही घाईत होतो. त्या भागात गोड्या पाण्याचा थर वर आहे आणि तेलाचा खूप खाली. मधल्या पाइपला भोक पडलं की खाली दाबलेलं पाणी वर येतं आणि गोड्या थरात शिरतं. यात गूढ काही नाही. तू अकरावीत असताना मी हे तुला स्वयंपाकघरात सरबताच्या नळीने दाखवलं होतं.

योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. तेवीसच्या दिवाळीत तू ती घेऊन आलीस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला, आजही त्यातली पुष्कळ पानं चांगली आहेत. तेलाचे दिवस कधीतरी संपणार हे आमच्या वेळी बैठकीत बोललं तरी लोक घड्याळाकडे बघायचे. तू ते कंपनीच्या योजनेच्या पहिल्या पानावर लिहिलंस. कुठलं क्षेत्र केव्हा बंद करायचं, तिथल्या कामगारांचं काय करायचं, जमीन परत कशी करायची, सगळं. धोरासरचे ते उघडे तलाव, ज्यांत पक्षी मरून पडायचे, ते बुजवून पाण्याचा थेंब न थेंब जमिनीत परत सोडायचा, ही तुझीच कल्पना. मला ती पटली होती. म्हणूनच ‘मामा, बाहेरचा माणूस म्हणून तुम्हीच तपासा, तुमचं नाव असलं की कुणी बोट ठेवणार नाही,’ असं तू म्हणालीस तेव्हा मी सदुसष्टीला आलो असताना नऊ दिवस त्या वाळूत राहिलो. खरं सांगू? मला बोलावणं आलं याचाच मोठा आनंद झाला होता. निवृत्तीनंतर कुणी विचारलं नव्हतं.

आणि रविवारी तू म्हणालीस, “मामा, तुमचं पान बदललेलं नाही. एक वाक्य संपादित झालंय.”

संपादित. तुझ्या बाबांच्या माघारी तू इथे आलीस तेव्हा अकरा वर्षांची होतीस. या घरात भांडणं झाली, अबोले झाले, गोरखीच्या शाळेतून तू एकदा पळूनही आलीस, पण असा शब्द तू माझ्याशी कधी वापरला नव्हतास. माझ्याशी बोलताना तू कंपनीचं बोलत होतीस.

तुझं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. आठ विहिरी बुजवायला तीन वर्षं लागली असती. संचालक मंडळाची बैठक जूनमध्ये होती. धोरासर अडकलं तर सगळा खंड मागे पडला असता, आणि तुझ्याविरुद्धचे लोक टपलेलेच होते. ते म्हणाले असते, बघा, ही योजना कागदावरचीच. ते एक वाक्य सैल केलं तर चौदा क्षेत्रांची योजना वाचत होती. दाब कमी ठेवायचा, लक्ष ठेवायचं, दरम्यान विहिरी बुजवायच्या. मग पहिल्याच वर्षी उत्पादनवाल्यांनी दाब वाढवला आणि बुजवायचं काम पुढच्या वर्षावर गेलं. हे तुझ्या हातात नव्हतं, असं तू म्हणालीस. मी मानतो. पण माझी सही कुठल्या वाक्याखाली ठेवायची हे तुझ्याच हातात होतं.

तुला मंडळापुढे जाऊन स्वतःच्या नावावर म्हणता आलं असतं की मुळे नको म्हणतात, तरी मी जबाबदारी घेते. लोकांनी तुझं ऐकलं असतं. तू माझं नाव घेतलंस, कारण माझं नाव स्वच्छ होतं. याचाच मला सगळ्यात त्रास होतो. परक्याने केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

इथे मी काल थांबलो होतो. आज बुधवारी सकाळी पद्माने हे वाचलं आणि म्हणाली, “तिच्या चुका लिहून झाल्या. आता तुमच्या लिहा.”

तर लिहितो.

तू म्हणालीस की शेवटचा मसुदा तू मला मेलने पाठवला होतास, आणि छापायला जायच्या आधी अकरा दिवस होते. खरं आहे. मी शोधलं. २४ मे २०२४ ची मेल. मी ती उघडलीच नाही. आपल्या मुलीने पाठवलेलं काय तपासायचं, असं म्हणून नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. एप्रिलमध्ये तू फोनवर दोनदा सहज विचारलं होतंस, ‘मामा, ते बुजवण्याचं थोडं लवचीक करता येईल का?’ दोन्ही वेळा मी हसून विषय बदलला. त्या मेलमध्ये काय असेल याचा मला वास आला होता. उघडली असती तर तुझ्याशी भांडावं लागलं असतं. जूनमध्ये तुझं भाषण आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिलं आणि मी दाना ओलीत पेढे वाटले.

दुसरी गोष्ट. वर लिहिलंय की मी त्या दोघांना चहा दिला आणि ते गेले. मध्ये एक राहिलं आहे. जेठारामने सहीवर बोट ठेवून विचारलं, “साहब, ये दस्तख़त आपके हैं?” आणि मी म्हणालो, “नहीं.”

कुणी शिकवल्यासारखं तोंडातून आलं. म्हणालो, नाव माझं असेल, सही माझी नाही, तुम्ही कंपनीत विचारा. माझं नाव त्यातून सुटलं की तुझ्यापर्यंत कुणी येणार नाही, असं काहीतरी त्या क्षणी डोक्यात होतं. जेठाराम मास्तर माणूस, त्याने कागद पुन्हा घडीवर घडी घालून ठेवले आणि तकलीफ़ दिल्याबद्दल माफी मागितली. त्याने माझी माफी मागितली, अवंतिका. हुकमीने बाटली तिथेच टेबलावर ठेवली.

तो दिवस मी कसाबसा काढला. बुधवारी सकाळी ऑटो करून टोपी बाजाराजवळच्या धर्मशाळेत गेलो. तिथे उतरलोय असं ते बोलता बोलता म्हणाले होते. सामान बांधत होते. मी उभ्यानेच सांगितलं की सही माझी आहे, तिच्या आधीचं वाक्य माझं नाही, आणि काल मी खोटं बोललो. मला वाटलं जेठाराम चिडेल. तो म्हणाला, “भाभी ने कल ही कह दिया था. दस्तख़त आपके न होते तो आप वो पन्ना इतनी देर न पढ़ते.”

मी विचारलं, मग काल तोंडावर तसं का बोलला नाहीत? त्याचं उत्तर हुकमीने दिलं. त्यांच्याकडे कुणाच्या घरी बसून, त्याच्या हातचा चहा पिऊन, त्याला खोटं ठरवत नाहीत. मग ती भिंतीकडे बघून म्हणाली की तिच्या सुनेला सातवा महिना आहे, टँकर चार दिवसांनी येतो, आणि टँकर आला नाही की सून तेच पाणी पिते. सून घरी एकटी आहे म्हणून त्यांना परत जायची घाई होती.

त्यानंतर चार दिवसांनी मी तुला फोन केला. मनात होतं की तू म्हणशील, मामा, आता काय करूया? तसं म्हणाली असतीस तर मी गाडी पकडून दिल्लीला आलो असतो आणि आपण दोघं मिळून लिहिलं असतं. तू बैठक, दाब आणि चौदा क्षेत्रं सांगितलीस. सतरा घरांबद्दल तू एकदाही विचारलं नाहीस. शेवटी विचारलंस ते एवढंच, “मामा, तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत ना?”

मी म्हणालो, नाही.

म्हणजे आठवड्याभरात मी दोनदा खोटं बोललो. एकदा तुझ्यासाठी त्यांच्याशी, एकदा त्यांच्यासाठी तुझ्याशी.

काल मंगळवारी मी इंदरगंजला वकिलाकडे जाऊन न्यायालयात दाखल करायचं शपथपत्र केलं. मूळ चौदा पानं, छापलेलं परिशिष्ट, दोन्ही शेजारी शेजारी जोडली आहेत. न उघडलेल्या मेलबद्दल लिहिलं आहे, धोरासरच्या लोकांशी बोललेल्या खोट्याबद्दलही लिहिलं आहे. वाक्य कुणी बदललं या प्रश्नाखाली तुझं नाव आहे. वकील म्हणाले, काका, इथे ‘संबंधित अधिकारी’ लिहून चालेल. मी तुझं पूर्ण नाव घातलं. त्यातल्या पहिल्या चार अक्षरांशी मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. धोरासरमध्ये पाणी सोडणं ताबडतोब थांबवावं एवढीच मागणी आहे. ते थांबलं तरी गोडा थर स्वच्छ व्हायला किती वर्षं लागतील हे तुला मी सांगायला नको.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा शपथपत्र दाखल झालेलं असेल. तुला आधी कळवायला हवं होतं, हे मला समजतं. पण आधी कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीने आली असतीस, इथे माझ्यासमोर खुर्चीत बसली असतीस, मामीने पानं वाढली असती, आणि मग मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हणून तुला न सांगता केलं. तू माझ्या पाठीमागे केलंस, मीही तुझ्या पाठीमागे केलं. यातलं एक दुसऱ्याच्या बरोबरीचं आहे असं मी म्हणणार नाही; ते तू ठरव.

तुझी नोकरी जाईल की नाही मला ठाऊक नाही. तू स्वतः उभी राहून सांगितलंस तर लोक ऐकतील असं अजूनही वाटतं, पण हा सल्ला मी आता कुठल्या तोंडाने देऊ?

मामी म्हणते, तिला लिही की घरी यायला कुणाची परवानगी लागत नाही. तिचं वाक्य आहे, तसंच उतरवलं, एक शब्द बदललेला नाही. माझ्यापुरतं विचारशील तर तू आलीस तर दार मी उघडेन, पण नजर वर करून बघायला मला थोडा वेळ लागेल. तुलाही लागेल.

तुला वाढवणारा आणि तुझ्याविरुद्ध साक्ष देणारा,
मामा