नव्या जन्माची तारीख

३ नोव्हेंबर, सोमवार
चर्चच्या पंचपदासाठी, म्हणजे कारभारी समितीवर जाण्यासाठी, फॉर्म भरला. अक्षर मोत्यासारखं. 'नव्या जन्माची तारीख' या रकान्यात सरळ जन्मतारीख टाकली. पाळकसाहेबांनी फॉर्म परत केला. म्हणाले, स्वानंद, आईच्या पोटातून कधी आलास ते नाही, ख्रिस्ताकडे कधी वळलास ते विचारलंय. शिवाय रविवारी उपासनेत उभं राहून ते कसं घडलं याची साक्ष द्यायची. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, वळायचं कुठून? हरकत नाही. सहा दिवस आहेत. प्रकाश मिळवून टाकू.

४ नोव्हेंबर, सकाळी ५
गुडघे टेकले. पाऊण तास. प्रकाश नाही, मुंग्या आल्या. उद्यापासून उशी घेणार.

६ नोव्हेंबर
काल ऑडिट, म्हणून प्रार्थना नाही. आज पाळकसाहेबांना गाठून विचारलं, नक्की करायचं काय? म्हणाले, विश्वास कमावता येत नाही, ते देवाचं दान आहे. रिकाम्या हातानं माग. मोघम उत्तर. अर्ज कुठे करायचा ते सांगतच नाहीत.
छातीत धडधडतंय. मागितलं आणि पलीकडे कोणीच नसलं तर? खरंच भीती वाटते.
ॲसिडिटी असावी.

८ नोव्हेंबर, शनिवार
मार्ग सापडला. ऑफिसात आवक-जावक माझ्याकडे. मागची तारीख टाकणं हातचा मळ. रकान्यात १२ जुलै २०१९ लिहिलं. बायको, पद्मजा, म्हणाली, त्या दिवशी तर तुमाले जुलाब लागले होते, मीच ओआरएस पाजून राह्यली होती. म्हटलं, देव कोणत्याही अवस्थेत भेटतो. ती हसली नाही. म्हणाली, खोटं कायले सांगता? अजून भेटला नाही, असंच सांगा ना.
हिला प्रोसिजर कळत नाही. साक्षीला माणसं हवीत म्हणून ऑफिसातल्या शिपायाला, लखीरामभाऊंना, बोलावून ठेवलं.

९ नोव्हेंबर, रविवार
साक्ष उत्तम झाली. खोलीभर उजेड, डोळ्यांत पाणी, सगळं सांगितलं. दोनदा 'आमेन' आलं. पद्मजा खाली बघत होती.
बाहेर लखीरामभाऊंनी माझे दोन्ही हात धरले. रडत होते. बायको गेल्यापासून त्यांना घरात पाय टाकवत नाही, हे मला माहीतच नव्हतं. म्हणाले, साहेब, तुमचं ऐकून पयल्यांदा वाटलं का कोनी तरी हाये. मले बी भेटाचं हाये त्याले. आता मी काय करू, सांगा.
पाळकसाहेब शेजारीच उभे. पद्मजाही. हात सुटत नव्हते.
तोंडून ऑफिसातल्या सवयीनं निघालं, उद्या या.
बरं साहेब, म्हणाले. ते नक्की येतील.