साइड स्टँड आणि परकराची नाडी

रविवार, संध्याकाळ. नाहूर.

आज वाकोल्याची खोली बघायला जायचंच होतं. एकट्याने राहायला, आईला न सांगता. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, म्हणून तर सांगता येत नाही. आणि नेमकी आजच बाइकच्या साइड स्टँडची स्प्रिंग सैल पडली. स्टँड लोंबला की गिअर टाकताच इंजिन बंद. वैताग नुसता.

नवी स्प्रिंग आणली, पण ती ताणून हुकात बसेना. मग आईच खाली आली, परकराची जुनी नाडी घेऊन. गुडघे दुखतात तरी उकिडवी बसली, स्प्रिंगमध्ये नाडी ओवली. म्हणाली, "तू स्टँड धर, मी ओढतंय." एका हिसक्यात बसली स्प्रिंग. तिच्या बोटांवर नाडीचे लाल वळ.

कुठे चाललास विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं का मी? तिने विचारलंच नाही. "जा, फिरून ये. जेवूक ये हां."

स्टँड आता खटकन वर जातो. दोनतीनदा करून बघितला. मग खाली लावला आणि तिच्या मागून जिना चढलो. स्प्रिंगमधून काढलेली नाडी अजून माझ्या खिशातच आहे.

खोलीवाल्याला मेसेज टाकला, गाडी बिघडलीय.