हाकेला ओ

शनिवार, १२ सप्टेंबर

झाले एकदाची फौजी. म्हणजे अर्धीमुर्धी. आमच्या राज्याच्या रक्षक दलात पगार नाही, बंदूक नाही, आणि गणवेश ज्याचा त्याने आणायचा. माझ्या शर्टावरच्या पट्टीत शिंप्याने 'टिडवेल'मधलं एक अक्षर खाल्लंय आणि बूट एक माप मोठे आलेत. तरी आरशात पाहिलं तेव्हा बरी दिसले. खोटं कशाला लिहू, खूपच बरी दिसले.

दल भरतं ते बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये. फरशी अजून इतकी गुळगुळीत आहे की 'डावीकडे वळ' म्हटलं की निम्मी तुकडी वळते आणि निम्मी घसरते. एकूण चौदा माणसं, बहुतेक निवृत्त. कॅप्टन बर्ल तीस वर्षं टपाल वाटत होते. ते म्हणाले, इथे कोणाला लढाई करायची असेल त्याने आत्ताच घरी जाऊन बायकोशी करावी. आमचं काम म्हणजे पुरात वाळूच्या गोण्या रचायच्या, निवाऱ्यात कॉफी वाटायची, जत्रेत गाड्या लावून घ्यायच्या आणि डॉबिन्स टेकडीवर हरवलेली माणसं शोधायची. मग हात वर करून शपथ झाली. राज्याने हाक मारली की मी ओ देईन, अशी. माझे डोळे भरून आले. मी आहेच तशी.

मला इथे आणलं सार्जंट नोरीन प्रूइटने. घटस्फोटानंतर या गावात येऊन मला चार महिने झाले, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नोरीन दाढ काढायला आली होती. अर्धं तोंड बधिर, तरी तिने विचारलं, गावात कोणी ओळखीचं झालं का? मी म्हटलं, तुमची दाढ सोडून कोणीच नाही. ती इतकी हसली की कापसाचा बोळा बाहेर आला. पुढच्या आठवड्यात दलाचा अर्ज घेऊन काउंटरवर हजर.

दुपारी घेवड्याच्या बिया आणि मक्याची पोळी होती. नोरीनने माझ्या ताटात दोनदा वाढलं. ही पावसात न भिजणारी वही दलाचीच आहे, कामाच्या नोंदी ठेवायला. मी तिच्यात गप्पा मारणार आहे.

रविवार, १३ सप्टेंबर

आज हरवलेल्या माणसाचा तक्ता भरला. स्वतःचाच. शोधायला गेलेला माणूसही हरवू शकतो, म्हणून प्रत्येक नव्या माणसाची माहिती आधीच घेऊन ठेवतात. फॉइल पसरून तिच्यावर बुटाचा ठसा द्यायचा. वापरलेला मोजा पिशवीत बंद करून द्यायचा, कुत्र्यांसाठी. माझा मोजा पाहून कॅप्टन म्हणाले, कुत्र्यांनी आपलं काय वाकडं केलंय?

बाकीच्यांचा तक्ता दहा मिनिटांत झाला. माझ्याबरोबर नोरीन तासभर बसली. घाबरल्यावर वर चढतेस की खाली उतरतेस? एकटी असताना गुणगुणतेस का? कोणत्या नावाने हाक मारली तर झोपेतही ओ देशील? मी सांगितलं, मार्लिसपेक्षा बर्डी. माझे वडील म्हणतात, दुसरं कोणी नाही. मग, तू दिसेनाशी झालीस तर कोणाला कळेल आणि किती दिवसांनी? मी म्हटलं, सोमवारी दवाखान्याला. आणि रविवारी वडिलांना, ते दर रविवारी दुपारी फोन करतात. ते तीन राज्यं पलीकडे राहतात आणि गुडघ्यांमुळे प्रवास करत नाहीत.

नोरीनने पेन थांबवून विचारलं, म्हणजे त्यांना फक्त आवाज ऐकू येतो? मी हो म्हटलं. तिने तेही लिहून घेतलं.

शेवटी तिने मला दहा वेळा ओ द्यायला लावली. 'इथे आहे!' असं ओरडायचं. शोधणाऱ्यांना आवाज ओळखीचा हवा. मी ओरडत होते आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

निघताना तिने तिच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं. डेल्फाही दलात होती. सहा वर्षांपूर्वी डॉबिन्स टेकडीवरच्या सरावात हरवली ती मिळालीच नाही. नोरीनने तरी दल सोडलं नाही. घरी येताना मी गाडीत रडले. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला जेवढं विचारलं नव्हतं, तेवढं या बाईने एका दुपारी विचारलं. कोणीतरी मला जपणार आहे, असं किती दिवसांनी वाटलं.

शनिवार, १० ऑक्टोबर, सकाळ

मी हरवले आहे! अधिकृतपणे, साडेआठपासून. प्रत्येक नव्या माणसाला एकदा हरवावं लागतं, म्हणजे बाकीच्यांचा शोधण्याचा सराव होतो. आज माझी पाळी.

नोरीन स्वतः मला वर घेऊन आली. रानजाळीमागे एक सपाट खडक आहे, त्याच्याभोवती चार झाडांना तिने नारिंगी फीत बांधली. थर्मास दिला, चीजचं सँडविच दिलं, रेडिओ दिला. नियम एकच, जागा सोडायची नाही. हरवलेला माणूस चालत राहिला की सापडत नाही. बाकीचे ओळीने वर येतील, नाव घेऊन हाक मारतील, शिट्टी वाजेल आणि मग एक मिनिट सगळे गप्प राहून ऐकतील. त्या मिनिटात मी ओ द्यायची.

जाताना तिने माझी कॉलर नीट केली आणि मला घट्ट धरलं. तिचे डोळे ओले होते. डेल्फाची आठवण आली असणार, तीही याच टेकडीवर गेली. म्हणाली, "काहीही झालं तरी इथून हलू नकोस, पोरी. मी येईन."

सँडविच संपलं. ऊन छान आहे. खालून शिट्ट्या ऐकू येऊ लागल्यात.

तोच दिवस, दुपारी बारा

घडलं तसं लिहून ठेवते. वाचणाऱ्याला वेडेपणा वाटला तर वाटो.

पावणेबाराला ओळ जाळीपर्यंत आली. हाक आली ती 'मार्लिस' अशी नाही, 'बर्डी' अशी. सगळे मिळून, बर्डी. मला हसू आलं. शिट्टी वाजली, शांतता झाली, मी श्वास घेतला आणि माझ्या डावीकडे, जाळीच्या आतून, कोणीतरी माझ्या आधी ओ दिली. 'इथे आहे!'

आवाज माझा होता.

मी ओरडले. इथे, इथे. कॅप्टन बर्ल माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जागेकडे, आणि डावीकडे वळले. मी त्यांची बाही धरली. त्यांनी माशी उडवावी तशी हातावर चापट मारली.

मग रेडिओवर, सापडली, तब्येत ठीक. नोरीन हुंदके देत होती. आणि मग मी हसले. रेडिओवर. माझं हसणं, शेवटी उचकी लागल्यासारखं होतं ते.

दुपारी चार

पायवाटेने खाली उतरले. वीस मिनिटांनी नारिंगी फीत. पुन्हा उतरले, ओढ्याच्या बाजूने. पुन्हा फीत. तिसऱ्यांदा डोळे मिटून पळाले, तोंडावर पडले, उठले तर समोर खडक आणि त्यावर माझा थर्मास.

सराव असेल. नव्या माणसाची परीक्षा. नोरीनने सांगितलंय, मी येईन. जागा सोडायला नको होती.

रविवार, ११ ऑक्टोबर

रेडिओ बोलला. नोरीन एकटीच होती. जसं आठवतंय तसं लिहिते.

"मार्लिस, ऐकते आहेस ना? मला माहीत आहे, ऐकतेस. सहा वर्षं डेल्फा याच रेडिओवर माझ्याशी बोलायची, तिथूनच, आणि ते फक्त मलाच ऐकू यायचं. लोक म्हणायचे नोरीनच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिनेच सांगितलं, कोणीतरी इथे येऊन बसलं आणि त्याच्या नावाला मी आधी ओ दिली तर मी सुटेन. चेहरा तुझा आहे, आवाज तुझा आहे, पण आहे ती माझी. सकाळी माझ्या स्वयंपाकघरात तिने पाव भाजला."

मग म्हणाली, "तुझ्यामागे कोणी नव्हतं. तूच सांगितलंस. वडिलांची काळजी करू नकोस. ती दर रविवारी फोन उचलेल."

मी बटण दाबून एवढंच विचारलं, माझ्या ताटात दोनदा वाढलंस ते का? तिने रेडिओ बंद केला.

आज रविवार आहे. दुपार होऊन गेली.

बहुधा नोव्हेंबर

पानं गळून गेली. भूक लागत नाही. थंडी वाजत नाही. रेडिओची बॅटरी संपत नाही. या तिन्ही गोष्टींचा विचार करायचा नाही, असं ठरवलं आहे.

राग मात्र येतो. नवरा गेला तेव्हा इतका आला नव्हता. तो निदान सांगून गेला. नोरीनने माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली आणि मी आनंदाने देत राहिले. मोजासुद्धा दिला.

केव्हातरी

रेडिओवर पुराच्या कामाची बोलणी. 'टिडवेल, तीस गोण्या पुलाकडे.' आणि मी 'हो सार्जंट' म्हणते. कॅप्टन चिडवतात, आजकाल फार शहाण्यासारखी वागतेस, आधीची वेंधळी मार्लिस कुठे टाकलीस? सगळे हसतात. ती पण.

इथे टाकलीय. कॅप्टन, इथे —

बर्फ

नोरीन रेडिओवर. वसंतात नवी माणसं घेणार आहेत. म्हणाली, मी तुला सोडवीन, शब्द देते. एक बाई पाहून ठेवली आहे.

मी नको म्हटलं. तीन वेळा म्हटलं. मग विचारलं, कधी?

शनिवार, ९ एप्रिल (तारीख रेडिओवर ऐकली)

आणली.

नोरीन आणि मी — म्हणजे ती, माझा चेहरा घालून — दोघींनी मिळून आणली. नवीन फीत बांधली. माझ्या चेहऱ्याने बाईची कॉलर नीट केली. सहा वर्षं इथे बसलेली ती, तिला माहीत आहे ही जागा काय आहे ते. खडकाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बाईचं नाव विल्डा. साठीच्या पुढची, शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. माझ्याच खडकावर बसली आहे, माझ्या मांडीला मांडी लावून, आणि मी तिला दिसत नाही. स्वतःशीच बोलते. गुडघ्यांना शिव्या देते. म्हणाली, "विल्डाबाई, या वयात हरवायला निघालात, घरी कळलं तर पोरं हसतील." बिस्किटाचा तुकडा खारीसाठी ठेवला.

हिच्या मागे माणसं आहेत. चार नातवंडं, ती 'मीमॉ' म्हणतात. नोरीन आता तेवढंही बघत नाही.

दहा वाजता

पळून जा, असं तिच्या कानात ओरडले. तोंडातून निघाला तो तिचा आवाज. जाड, घशात अडकणारा. तिला ऐकू गेलं नाही. पण खाली लांब कोणीतरी म्हणालं, ऐकलंत का, वरून आवाज आला.

म्हणजे मी काहीही ओरडले तरी ती ओच. सावध करण्याचीही सोय नाही. तिला वाचवायचं तर एकच करायचं. त्या एका मिनिटात गप्प बसायचं. ती ओ देईल, ते येतील, ती घरी जाईल. बस्स. मिनिटभर गप्प.

पावणेअकरा

ओळ ओढ्यापर्यंत आली.

मी सुटले तरी मार्लिस होणार नाही, हे आजच कळलं. विल्डा होईन. तिच्या घरी जाईन, तिची नातवंडं मला बिलगतील. डॅडींचा फोन डेल्फाच उचलत राहील.

पण विल्डाचे का असेनात, पाय असतील. तीन राज्यं पलीकडे बस जाते. त्यांच्या दारात एक म्हातारी उभी राहू शकते. पत्ता विचारायला. एकदा पाहायला.

नाही. हेच नोरीनने केलं. हेच. एक मिनिट, मार्लिस, तोंडावर हात —

अकरा

जाळीपर्यंत आले. कॅप्टन दिसतात. नोरीन दिसते, ती सरळ इकडे पाहते आहे आणि मान हलवते आहे, हो म्हणून. हो काय, सटवे —

हाक मारली. मीमॉ. सगळे मिळून.

शिट्टी.

विल्डा उठते आहे. गुडघे. तिला वेळ लागतो. खडकाला धरून — मी गप्प आहे. उद्या रविवार. मी गप्प आहे. उभी राहिली, घसा साफ केला, अजून गप्प आहे, तिने श्वास घेतला आणि मी