हरलेल्यांच्या टेबलावर

११ जानेवारी
जिंकलो! जिल्ह्याचं कर्लिंग आमचं! मॉर्व्हनचा शेवटचा दगड बर्फावरून सरकत गेला – तो लांब जावा म्हणून पुढे मी बर्फावर झाडू घासतेय, हात गळून पडायची वेळ – आणि बरोब्बर मधल्या वर्तुळात. खाटकाची पोर मॉर्व्हन आमची कप्तान! आख्खं किलफर्न गाव ओरडत होतं.

मग रिवाजाप्रमाणे हरलेल्यांना पहिला ग्लास आमच्याकडून. मॉर्व्हन त्यांच्या कप्तानाच्या कानाला लागलेली. मी गेले तर दोघी गप्प! "काय गं?" तर म्हणे, "काही नाही, शोना. बस की."

काही नाही म्हणे!

१९ जानेवारी
आता स्कॉटलंडची स्पर्धा. पहिला सामना परत जिंकलो. परत तेच – मॉर्व्हन हरलेल्यांच्या टेबलावर, कुजबुज. त्यांची कप्तान माझ्याकडे बघून मान डोलावत होती. म्हणजे विषय मीच.

येताना बसमध्ये एका बाईच्या पिशवीत जिवंत कोंबडी होती! सगळा रस्ता तिच्याकडेच बघत होते.

२० जानेवारी
मला काढणार. दुसरं काय?

बोटीवरचं काम मी सोडलं, स्ट्रॉबेऱ्या तोडायचं सोडलं, शाळा तर कधीच. हे एकच आहे जे सोडावंसं वाटत नाही. आणि हेच जाणार.

२ फेब्रुवारी
उपांत्य सामना. समोरची कप्तान ग्रीर. शेवटचा दगड. मॉर्व्हन मला म्हणते, "जा, पलीकडे तू उभी राहा. कुठे टाकू ते तू दाखव." जागा दाखवायचं काम कप्तानाचं, नाहीतर उपकप्तानाचं. ते मी? झाडूवालीला कोण विचारतं? चुकलं की खापर माझ्या डोक्यावर – एवढंच!

दाखवलं. दगड तिथेच आला. जिंकलो. मॉर्व्हन गालात हसली. मला नाही आवडलं ते हसणं.

नंतर टेबलावर पुन्हा गुजगोष्टी, आता ग्रीरशी. मग ग्रीरनं मला कोटांपाशी गाठलं. "पोरी, पुढच्या वर्षी माझ्याकडे येतेस?"
"मॉर्व्हनला काय सांगू?"
"तिला कशाला सांगतेस आत्ताच?"

विचार करते म्हटलं.

५ फेब्रुवारी
मटण आणायला मॉर्व्हनच्या बापाच्या दुकानात गेले. मॉर्व्हन तिच्या चुलतबहिणीला फरशीवर झाडू मारायला शिकवतेय. आमचा बर्फावरचा झाडू!
"ही कशाला?"
"पुढच्या वर्षी लागेल ना तुझ्या जागी," म्हणाली. तोंडावर! वर डोळा मारला!

मटण न घेताच आले. ग्रीरला फोन केला. हो म्हटलं, शब्द दिला. झालं.

९ फेब्रुवारी
स्कॉटलंडच्या विजेत्या! मॉर्व्हनला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. बॅगपाइपवाले बेसूर, कुणाला पर्वा! तिचा बाप रडत होता. मीही थोडी. जाताना रडायला काय जातं.

१० फेब्रुवारी
मॉर्व्हन आली. "गुडघा संपला गं माझा. आता कप्तान तू. तुला जमेल का, हे हरलेल्यांनाच विचारत होते – आपलं माणूस खोटं कौतुक करतं, त्या कशाला करतील? सगळ्या हो म्हणाल्या. ग्रीर तर विचारताक्षणी."

मी चहा ओतत होते. ओततच राहिले.