मातीला लावलेला हात

बाबा,

काल शुक्रवारी मस्कतहून समुद्रकाठच्या खाबुऱ्याला जाऊन आलो. गुडघा गेला, अमेरिकेतलं खेळणं संपलं आणि मी मस्कतला साध्या नोकरीवर परतलो, हे तुमच्या रत्नागिरीच्या दोस्ताला, म्हणजे चाचांना, ठाऊक आहे. तरी त्यांच्या चहाच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होते, हा आमचा चॅम्पियन. मला कुठे तोंड लपवू असं झालं. तुम्ही मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या बंगल्यांचे एसी दुरुस्त करायचात आणि सुट्टीला मला पिकअपमध्ये घालून तिथे न्यायचात. किनाऱ्यावर कोकणातले कामगार कबड्डी खेळतात, बचावातला डावा कोपरा तुमचा असायचा. एकदा मी मातीला हात न लावताच मैदानात उडी मारली. तुम्ही बखोट धरून बाहेर काढलंत, "माती काय तुझ्या बापाची आहे?" म्हणालात आणि स्वतःचंच हसू दाबत मला सामनाभर बाहेर बसवलंत. पुन्हा कधी विसरलो नाही. म्हणजे, इथे असेपर्यंत.

अमेरिकेत शिकायला गेलो, तर माझा आडवा देह बघून कॉलेजच्या प्रशिक्षकाने फुटबॉलला ओढलं. त्यांचा फुटबॉल, हाताने खेळायचा. मी बचावाच्या पहिल्या रांगेत. समोरच्या धिप्पाडाला रेटायचं आणि त्याच्या मागे चेंडू घेतलेला जो असेल त्याला लोळवायचं. पहिल्याच दिवशी मी गवताला हात लावून कपाळाला लावला. मागून कोणीतरी नक्कल केली आणि सगळे फिदीफिदी हसले. झालं, तिथेच सोडलं. नंतर पगारी संघातही खेळलो, पण तो नमस्कार पुन्हा केला नाही. मग तुम्ही मोबाइलवर माझा सामना पाहिलात. आमच्या रांगेतले सगळेच सुरुवातीला एक हात जमिनीवर टेकवून वाकतात, उसळी मारायला जोर मिळावा म्हणून. तुम्हाला वाटलं, पोरगा मातीला नमस्कार करतोय. लगेच फोन केलात. "तिथल्या पोरांना पण शिकवलंस की रे," म्हणालात. आणि मी, लाज सोडून, "हो बाबा" म्हणालो. पुढे तुम्ही गेलात, तेही तेच मनात धरून.

काल किनाऱ्यावरच्या सामन्याआधी चाचांना बाजूला घेतलं आणि खरं सांगून टाकलं. वाटलं, दोन शिव्या देतील, बरं वाटेल. त्यांनी हातातला चहाचा पेला पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "बेटा, पोरांना बोलू नको. तुझा बाप प्रत्येकाला तुझंच सांगायचा. आता गावाहून नवीन आलेला पण तू करतोस म्हणून मातीला हात लावतो. खलास, विषय संपला, आपल्यातच ठेव." माझ्या थापेवर तिथे रीत उभी आहे, बाबा. ती मोडायची तरी कोणत्या तोंडाने? वर पाहुणा म्हणून मैदानात पहिलं पाऊल मीच टाकायचं ठरलं. पोरं ओळीने उभी, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी लंगडत गेलो, वाकलो, वाळूला हात लावला, क्षणभर थांबलो आणि मग तो कपाळाला नेला. सगळ्यांना वाटलं, तुमची आठवण आली. हे लिहून झालं की फाडणार आहे, म्हणून सांगतो. हात कपाळाला टेकवण्याआधी मी मान वळवून बघितलं, मागे कोणी हसतंय का.